आजारी चॅनलपेक्षा मेलेला बरा

केबल मोडेमच्या खोक्यावर ‘१६ × ४’ किंवा ‘३२ × ८’ असा आकडा ठसठशीत छापलेला असतो. पहिला आकडा उतरत्या चॅनलांचा, म्हणजे डाउनलोडचा, दुसरा अपलोडचा. अमेरिकेत मोडेम स्वतः विकत घेऊन लावायची मुभा असल्याने न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही खरेदी याच आकड्याकडे बघून होते. मुंबई-पुण्यात केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्यांना तो फारसा दिसत नाही, कारण मोडेम बहुधा कंपनीच देते. तार मात्र त्याच जातीची. चॅनल जास्त तर वेग जास्त, आणि वेग पडला तर एखादा चॅनल गळाला असणार, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा दुसरा भाग दिशाभूल करतो. चॅनल गळाला तर नुकसान थोडं आणि मोजता येण्याजोगं असतं. तो आजारी पडून गटात तसाच राहिला, तर मात्र सगळ्या घराचं इंटरनेट नासतं.

केबलवरच्या इंटरनेटचे नियम ‘डॉक्सिस’ या मानकात बांधलेले आहेत. अमेरिकी केबल कंपन्यांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या केबललॅब्ज या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये काढली. तेव्हा मोडेम एका वेळी एकच चॅनल ऐकत असे. अमेरिकेत हा चॅनल ६ मेगाहर्ट्झ रुंद असतो, कारण जुन्या टीव्हीचा एक चॅनल तेवढी जागा घ्यायचा. त्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट मजकूर कामाला येतो. युरोपीय धाटणीच्या ८ मेगाहर्ट्झच्या चॅनलात हाच आकडा ५०च्या आसपास जातो. एका चॅनलातून याहून फार काही काढता येईना, म्हणून २००६ मध्ये आलेल्या डॉक्सिस ३.० ने अनेक चॅनल एकत्र बांधायची सोय केली. हेच चॅनल बाँडिंग. आठ चॅनल बांधले की अमेरिकी हिशेबाने ३०० मेगाबिटच्या वर क्षमता होते. ती वस्तीतल्या सगळ्या घरांत वाटली जाते हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं.

बांधणी होते कशी, यातच आजाराचं मूळ आहे. तुम्ही एक फाइल मागवली की तिचे तुकडे, म्हणजे पाकिटं, कंपनीच्या टोकाचं यंत्र आठही चॅनलांवर वाटून पाठवतं आणि प्रत्येकावर अनुक्रमांक टाकतं. मोडेम ते क्रमाने लावून पुढे देतो. एकाच पोथीची सुटी पानं आठ लेखनिकांना आळीपाळीने नकलायला द्यावीत, तसा हा प्रकार: एक लेखनिक आलाच नाही तर सात जण सावकाश का होईना, पोथी पुरी करतील, पण आठवा येऊन अधूनमधून पान गहाळ करत असेल, तर कुठलाच अध्याय सलग वाचता येणार नाही. समजा आठांपैकी एका चॅनलवर शंभरातली आठ पाकिटं नासतात. एकूण वाहतुकीत हे प्रमाण शंभरात एक पडतं, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर टीसीपी नावाच्या पद्धतीने येतो, आणि पाकीट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून टीसीपी वेग खाली आणतं. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार वेग गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात पडतो. शंभरात एक गळती आणि जाण्यायेण्याला ३० मिलिसेकंद धरले, तर एका जोडणीला जेमतेम ५ मेगाबिटच्या आसपास मिळतात. तोच चॅनल साफ बंद पडला असता तर उरलेल्या सात चॅनलांवर २६६ मेगाबिटची क्षमता शिल्लक राहिली असती. शिवाय हरवलेल्या अनुक्रमांकाची वाट बघत मोडेम मागची चांगली पाकिटंही रोखून धरतो, कमाल १८ मिलिसेकंदांपर्यंत.

मग असा चॅनल बाहेर का काढत नाहीत? मेलेला काढतात. मोडेमची चॅनलवरची पकड पूर्ण सुटली की तो तसं कळवतो आणि उरलेल्या चॅनलांवर काम चालू राहतं. पण पकड कायम आहे, संदेश येताहेत, फक्त अधूनमधून नासताहेत, अशा अवस्थेत धोक्याची घंटा वाजत नाही. आणि बिघाड एखाद्याच चॅनलला गाठतो याचंही कारण साधं आहे: प्रत्येकाची जागा वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असते. भिंतीतला कनेक्टर हाताने सैल फिरत असेल, तर अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे मोबाइलचे सिग्नल तिथून तारेत शिरतात आणि नेमक्या त्याच जागेवरच्या चॅनलांना बाधतात. तार लांबलचक असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सी आधी क्षीण होतात. २०१३ च्या डॉक्सिस ३.१ ने यावर तोड काढली. त्यातला रुंद चॅनल हजारो बारीक उपवाहकांत विभागलेला असतो, आणि गोंगाट असेल तिथल्या उपवाहकांवर कमी बिट लादता येतात. आजाऱ्याला हलकं काम देण्याची ही सोय मुद्दाम करावी लागली, यावरून दुखणं किती खरं होतं ते कळतं.

हे दुखणं घरबसल्या दिसतं. बहुतेक केबल मोडेम १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर स्वतःचं पान उघडतात. त्यात प्रत्येक चॅनलची एक ओळ असते: फ्रिक्वेन्सी, पॉवर, सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर, आणि शेवटी ‘करेक्टेबल’ आणि ‘अनकरेक्टेबल’ असे दोन रकाने. लोक पॉवरच्या रकान्यावर अडकतात. ती उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असेल आणि गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असेल, तर तिकडे फार पाहू नये. पहिल्या रकान्यातल्या चुकाही घाबरण्यासारख्या नाहीत. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताने त्या जागच्या जागी दुरुस्त झालेल्या असतात. नजर ठेवायची ती शेवटच्या रकान्यावर. सात ओळींत शून्याच्या आसपास आणि आठव्या ओळीत तासागणिक हजारोंनी वाढणारा आकडा दिसला, की रोगी सापडला. सगळ्याच ओळी सारख्या खराब असतील तर दोष चॅनलचा नसून सामायिक वाटेचा, आणि पहिला संशयित टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर. दोन तोंडांचा साधा स्प्लिटरसुद्धा प्रत्येक तोंडावर सुमारे साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून अधिक ताकद.

यावर पहिला आक्षेप असा की घरातला वेग बहुतेकदा वायफायमुळे पडतो, चॅनलांचा काथ्याकूट कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मोडेमला लॅपटॉप थेट तारेने जोडून मोजल्याशिवाय वरचं काहीही करू नये. तारेने मोजताना आकडा ९४ मेगाबिटला येऊन अडत असेल, तर केबल कंपनीचा काही संबंध नाही. जोडवायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटून जोडणी गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरलेली असते, किंवा पोर्टच जुना असतो. दुसरा आक्षेप अधिक पेचाचा: चॅनल आजारी असेल तर स्पीड टेस्ट चांगली कशी येते? कारण ती चाचणी एका वेळी अनेक जोडण्या उघडते. प्रत्येक जोडणी लंगडत असली तरी बेरीज भरते, आणि कंपनीचा माणूस तीच बेरीज दाखवून निघून जातो. तिसरं म्हणणं असं की गूगलने २०१६ मध्ये मांडलेल्या बीबीआरसारख्या नव्या पद्धती थोड्याफार गळतीने बिचकत नाहीत. खरं आहे, पण सर्व्हर ती वापरत असेल तरच. व्हिडिओ कॉलमध्ये तर हरवलेलं पाकीट पुन्हा मागवायला अनेकदा वेळच नसतो. चित्र गोठतं, आवाज तुटतो.

आणि खोक्यावरचा आकडा? २०१६ च्या अखेरीस इंटेलच्या प्यूमा ६ चिपवर चालणारे मोडेम बदनाम झाले. त्यांतले काही ३२ चॅनल बांधत, पण पाकिटांना मधूनच मोठा विलंब होई. ऑनलाइन खेळणारे त्यापेक्षा दुसऱ्या चिपचा १६ चॅनलांचा मोडेम पसंत करत. फर्मवेअरच्या दुरुस्त्या निघाल्या, अमेरिकेत प्रकरण कोर्टातही गेलं. अपलोडच्या बाजूला तर बांधणीची किंमतच मोजावी लागते: डॉक्सिस ३.० मध्ये एका चॅनलवर मोडेम साधारण ५७ डीबीएमव्हीपर्यंत जोर लावू शकतो, दोन बांधले की ५४, चार बांधले की ५१. तारेतली घट आधीच जास्त असलेल्या घरात चार चॅनलांचा हट्ट अंगाशी येऊ शकतो.

तक्रार नोंदवताना मग ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगून भागत नाही. अमुक फ्रिक्वेन्सीच्या चॅनलवर अनकरेक्टेबल चुका वाढताहेत, कनेक्टर तपासा, आणि तोवर हा चॅनल माझ्या गटातून काढा, असं सांगावं. पण फोन उचलणाऱ्याची पहिली सूचना ठरलेली असते: मोडेम बंद करून चालू करा. त्याआधी त्या पानाचा फोटो वेळेसकट काढून ठेवावा, कारण मोडेम पुन्हा सुरू झाला की चुकांचे सगळे रकाने शून्यावर येतात.