ट्रकची वॉरंटी : समज, गैरसमज आणि जॉब कार्ड

कळंबोलीच्या स्टील मार्केटात किंवा भिवंडीच्या गोदामांबाहेर नंबर लावून थांबलेल्या चार गाडीमालकांसमोर वॉरंटीचा विषय काढा, तासभर तो संपत नाही. प्रत्येकाकडे एक किस्सा असतो आणि बहुतेक किश्शांत खलनायक एकच, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसलेला ॲडव्हायझर. चाळीस लाखांची गाडी, दरमहा पाऊण-एक लाखाचा हप्ता, टर्बो गेला म्हणून आठ दिवस गाडी उभी, आणि वर ऐकायचं काय, तर ‘हे वॉरंटीत बसत नाही’. राग येणारच. पण तो बराचसा भलत्याच माणसावर निघतो, आणि त्या गडबडीत हातात यायला हवेत ते कागद हातात येत नाहीत.

‘डीलर कंपनीचे पैसे वाचवतो’ हा सगळ्यात जुना समज. प्रत्यक्षात वॉरंटीचं काम मालकाला फुकट असलं, तरी डीलरला त्याचे पैसे कंपनीकडून घ्यायचे असतात आणि ते क्लेम मंजूर झाला तरच मिळतात. प्रत्येक कामाला किती तास लागावेत हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं. समजा इंजेक्टर काढून बसवायला दोन तास ठरलेत आणि गंजलेल्या बोल्टशी झटापट करण्यात चार गेले, तरी मजुरी दोनाचीच. काढलेला भाग टॅग लावून जपून ठेवायचा, कंपनीने मागितला की पाठवायचा. तपासणीत ‘वापरातली चूक’ निघाली किंवा कागद अपुरे निघाले, तर क्लेम परत येतो आणि भुर्दंड डीलरवर बसतो. त्यामुळे जरा शंका आली की ॲडव्हायझर आधी नाही म्हणून मोकळा होतो. तो त्याने स्वतःपुरता केलेला बचाव आहे. शेवटचा निर्णय कंपनीच्या वॉरंटी विभागाचा. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडण्यासारखं मोठं काम असेल, तर विभागीय सर्व्हिस इंजिनिअरची आगाऊ मंजुरी लागते, आणि मालकाला ‘टंगळमंगळ’ वाटणारे दिवस बहुधा तिथेच जातात.

सगळे डीलर साधे असतात असं मात्र नाही. रोख बिल भरणारी गाडी आधी बेवर घ्यायची आणि वॉरंटीची गाडी कंपाउंडला लावून ठेवायची, हा प्रकार सर्रास चालतो. पण त्यावर काउंटरवर आवाज चढवून काही होत नाही. ‘क्लेम कंपनीकडे टाकला का? नंबर काय? फेटाळला असेल तर कारण लेखी द्या,’ एवढं शांतपणे विचारलं की समोरच्याची बोलण्याची पट्टी बदलते. तोंडी नकार फुकटचा असतो; लेखी नकारावर कोणाची तरी सही लागते.

आता जॉब कार्ड. वॉरंटीच्या भांडणात याच्याइतका महत्त्वाचा कागद दुसरा नाही आणि याच्याइतका दुर्लक्षितही नाही. गाडी आत जाते, ड्रायव्हर म्हणतो ‘पिकअप नाही’, ॲडव्हायझर टाइप करतो ‘जनरल चेकअप, पिकअप लो’, ड्रायव्हर न वाचता सही करून चहाला जातो. तीन महिन्यांनी इंजिन उघडायची वेळ येते तेव्हा कंपनी रेकॉर्ड काढते. त्यात काय सापडतं? जनरल चेकअप. म्हणजे मालकाने तीनदा केलेली तक्रार कागदावर एकदाही झालेली नसते.

तीच तक्रार अशी लिहून घ्या : ‘खंबाटकी चढताना, पूर्ण लोडवर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १४०० आरपीएमच्या पुढे जात नाही, काळा धूर, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, गाडी बंद करून सुरू केली की जातो.’ कुठे, किती लोडवर, कोणत्या गिअरमध्ये, कोणता दिवा. तारीख आणि किलोमीटर तर हवेतच. दुसऱ्यांदा गाडी नेली तर ‘आधीच्या जॉब कार्ड क्रमांक अमुकची तीच तक्रार पुन्हा’ हे शब्द घालायला लावा. वॉरंटीच्या मुदतीत नोंदलेला आणि न सुटलेला दोष मुदतीनंतर पुन्हा उपटला, तर तो जुनाच आहे हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

इथे एक मेख आहे. मालवाहू गाडीचे कितीतरी दोष लोडवरच दिसतात आणि सर्व्हिस सेंटरला गाडी जाते ती रिकामी. मेकॅनिक कंपाउंडभोवती एक चक्कर मारतो, लॅपटॉप लावतो, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारतो. तो खोटं बोलत नसतो. रिकाम्या गाडीत त्याला खरंच काही दिसत नाही. अशा वेळी लोडसह संयुक्त रोड टेस्ट मागायची, आणि तीही जॉब कार्डवर लिहून. माल उतरवण्याआधीच वाटेतल्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेता आली तर उत्तमच. ‘जिथून घेतली तिथेच वॉरंटी चालते’ हाही गैरसमज आहे. पुण्यात घेतलेल्या गाडीचं वॉरंटीचं काम नागपूरच्या किंवा रायपूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने करायचं असतं. आणि गाडी ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली डोळे मिटून सही करू नका. ‘लोडवर तपासणी बाकी’ असं पेनाने लिहून सही केली तरी चालते.

‘सहा वर्षं, सहा लाख किलोमीटर’ अशी जाहिरात असते, ती बहुतेक वेळा ड्राइव्हलाइनची, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांची. इलेक्ट्रिकलची, रबरी भागांची, केबिनमधल्या वस्तूंची मुदत वेगळी आणि पुष्कळ कमी. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बल्ब झिजणाऱ्या यादीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची; ट्रकचा डीलर तिथे फार तर टपालवाला. शिवाय ‘जे आधी येईल ते’. लांब पल्ल्यावर महिन्याला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे सहा लाख पाच वर्षांतच भरतात. मुदतीचा काटाही बहुधा चेसिसच्या विक्रीपासून फिरू लागतो. बॉडी बांधायला महिना-दीड महिना गेला, तर गाडीने पहिली खेप मारण्याआधीच वॉरंटी तेवढी संपलेली असते. बॉडीवाल्याने जादा दिवे, हॉर्न आणि टेपसाठी वायरिंगला मध्येच टॅप मारला असेल, तर पुढे इलेक्ट्रिकलच्या क्लेमला तेच कारण पुरतं.

‘बाहेर हात लावला की वॉरंटी खलास.’ हे वाक्य डीलर ठासून सांगतात आणि मालकही निमूट मानतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तेव्हा याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. ग्राहक स्वतंत्र गॅरेजमध्ये गेला म्हणून अख्खी वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. तो आदेश प्रवासी मोटारींच्या बाबतीतला आहे आणि त्यावर अपिलंही झाली. तरी युक्तिवाद म्हणून तो ट्रकमालकाच्या कामाचा आहे : बाहेर पंक्चर काढलं किंवा पाटा बदलला, म्हणून इंजेक्टरचा क्लेम कसा जातो, हे डीलरला विचारता येतं.

पण याचा अर्थ हायवेवरच्या मिस्त्रीकडून टर्बो उघडून घ्यावा असा नाही. सील तुटलं की तो भाग कारखान्यातून कसा आला होता हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. रस्त्यात गाडी बंद पडली तर आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन, तक्रारीचा नंबर, डॅशबोर्डचा किलोमीटर दिसेल असा फोटो, मग मिस्त्री. ऑइल बाहेर बदललं असेल तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि पक्क्या बिलावर. इंजिनच्या क्लेममध्ये पहिला प्रश्न ऑइलचा असतो आणि ‘आमच्या नेहमीच्या दुकानातून घेतलं’ हे उत्तर धरलं जात नाही.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, भांडणाचं मैदानच बदललं. आता निम्मी रड धुराच्या यंत्रणेची. ड्रायव्हर ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण. त्याला आयएसओ २२२४१ हे मानक लागू आहे. खताच्या गोणीतला युरिया पाण्यात ढवळून टाकी भरणारे महाभाग आहेत. शेतीचा युरिया निमकोटेड असतो, त्यात तेल, क्षार आणि इतर अशुद्धी असतात. नोझलवर पांढरे खडे धरतात, कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होतो. हा भाग अतिशय महाग आणि क्लेम नाकारायला डीईएफचा एक नमुना पुरेसा. ‘युरिया बंद करून देतो’ म्हणणाऱ्याकडून बनावट सिग्नल देणारी डबी बसवली, तर वॉरंटी जाते आणि प्रदूषणाच्या नियमांचा भंगही होतो. डीईएफ संपल्यावर इंजिनची ताकद कमी होणं, पुढे गाडी रांगायला लागणं, हा बिघाड नसून नियमाप्रमाणे ठेवलेली सोय आहे. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. साठलेली काजळी जाळायला इंजिन रीजनरेशन मागतं, तसा दिवा लागतो. भाड्याच्या घाईत ड्रायव्हर तो पुन्हा पुन्हा रद्द करतो आणि शेवटी फिल्टर चोंदतो. रद्द केल्याची नोंद ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, राहू शकते. तशीच घाटात खालच्या गिअरवर गाडी ढकलून इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याचीही. ‘कोड पुसला की विषय मिटला’ हा ड्रायव्हरांचा आवडता भ्रम आहे. मात्र नोंद दुधारी असते. डीलर ‘ओव्हर-आरपीएम झालंय’ म्हणाला, तर त्या नोंदीचा प्रिंटआउट मागा : किती आरपीएम, किती सेकंद, कोणत्या किलोमीटरला. दोष एक लाख किलोमीटरला सुरू झालेला आणि नोंद दीड लाखाची असेल, तर कारणच उलटं पडतं.

‘ट्रक धंद्याची गाडी, आपल्याला ग्राहक न्यायालय नाही.’ हे अर्धसत्य फार जणांना घरी बसवतं. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर आहे, हे खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, हे २०१९ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ प्रकरणात चक्क ट्रकचंच उदाहरण दिलं : सार्वजनिक मालवाहतुकीसाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. एक गाडी, स्वतः चालवणारा मालक, घर त्यावर चालतं, असा माणूस जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर असतील तर तो दरवाजा बहुधा बंद. पण १९३० चा मालविक्री कायदा आणि दिवाणी न्यायालय आहेच.

मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे. डीलर पुण्याचा आणि मालक साताऱ्याचा असला, तरी साताऱ्यात तक्रार करता येते, ही नव्या कायद्याची मोठी सोय. वकील सक्तीचा नाही. मात्र दोष उत्पादनातलाच आहे हे दाखवायचा भार तक्रारदारावर असतो. नुसत्या शपथपत्रावर भागत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो, किंवा आयोगाकडे प्रयोगशाळेतल्या तपासणीची मागणी करावी लागते.

‘सारखी बिघडते, आता नवीन गाडीच घेणार’ असं म्हणून कोर्टाची पायरी चढणाऱ्यांनी एक निकाल माहीत करून घ्यावा. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा (२००६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. बदललेल्या भागाला नव्याने पूर्ण वॉरंटी मिळते हाही असाच समज. सहसा गाडीची उरलेली मुदतच त्याला लागू होते. आणि उभ्या गाडीचं बुडालेलं भाडं, हप्ता, ड्रायव्हरचा भत्ता हे वॉरंटीच्या अटींत बहुधा स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं. ते हवं असेल तर गाडी घेतानाच, घासाघीस करायची ताकद आपल्या हातात असते तेव्हा, दुरुस्ती इतक्या दिवसांत न झाल्यास अमुक भरपाई, असा वेगळा करार मागावा. छापील किमतीत पाच हजारांची सूट मिळवण्यासाठी जेवढा घसा कोरडा करतो, त्याच्या निम्मी मेहनत इथे घेतली तर जास्त पैसे वाचतात.

मुदत संपल्यावर सगळे दरवाजे बंद होतात असंही नाही. थोडक्यात हुकलेल्या क्लेमला कंपन्या ‘गुडविल’ म्हणून काही हिस्सा देतात. तो हक्क नव्हे. पण सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्याची बिलं जोडून लेखी मागितला, तर मिळण्याची शक्यता चांगली असते. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत धोकादायक दोष दिसला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ प्रमाणे सरकार गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. त्यामुळे संघटनेतल्या इतरांच्या गाड्यांना तोच त्रास आहे का, हे विचारून ठेवावं.

ग्राहक आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फुकट तक्रार नोंदवता येते. तुमच्या गाडीची जुनी जॉब कार्डं ड्रायव्हरच्या सीटखाली कुठेतरी चुरगळून पडली असतील किंवा हरवली असतील, तर पुढच्या खेपेला सर्व्हिस सेंटरमधून पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींची प्रत शिक्क्यासह मागून घ्या. गाडी चालू असताना ती सहज मिळते.