तोंडाचं बोळकं होण्याआधी

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांचा एक ठरलेला क्रम आहे. आधी मुलाला घेऊन येतात, दुधाचा दात हलतोय म्हणून. मग मुलीच्या पुढे आलेल्या दातांना तार लावायची का, हे विचारायला. मग सासूबाईंची कवळी, मग नवऱ्याची दाढ. हे सगळं उरकलं की उठता उठता, पर्स खांद्याला लावत म्हणतात, "माझ्याही हिरड्यांतून जरा रक्त येतं हो, पण दुखत वगैरे नाही. बघू नंतर!"

हे 'दुखत नाही'च घात करतं. दाढ किडली की ठणका लागतो, रात्रीची झोप उडते, माणूस धावत येतो. हिरड्यांच्या आजाराचं तसं नाही. तो वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू राहतो आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड हळूहळू संपवतो. दात हलायला लागला की आपण जाग्या होतो. तोवर बरंच हाड गेलेलं असतं.

हाड झिजतं कसं?

दात नुसता हिरडीत रोवलेला नसतो. तो जबड्याच्या हाडातल्या खाचेत बसलेला असतो आणि बारीक तंतूंनी त्या हाडाला बांधलेला असतो. दात नीट घासले गेले नाहीत की त्यांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो. हेच कीटण. ते कितीही घासलं तरी ब्रशने निघत नाही. त्याच्या आसऱ्याने जिवाणू हिरडीखाली उतरतात. शरीर त्यांच्याशी लढायला लागतं, हिरडी सुजते, आणि या झगड्यात आपलंच हाड विरघळतं. हिरडी दातापासून सुटून मध्ये फट पडते. निरोगी तोंडात ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती ५-६ मिलिमीटरवर गेली की तिथे ब्रश पोचतच नाही. आपण ज्याला पायोरिया म्हणतो, तो हाच.

दुसरं कारण म्हणजे दात काढून ती जागा तशीच रिकामी सोडणं. हाडाला काम लागतं. चावताना दाताच्या मुळातून जो दाब मिळतो, त्यावर ते टिकून असतं. दात गेला की तिथलं हाड शरीर आटवून टाकतं. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यापर्यंत घटू शकते आणि यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात लांबतो. "मागची दाढ काय, दिसत तर नाही," असं म्हणून सोडून दिलेली जागा अशी महागात पडते.

सगळेच दात गेले की खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा जास्त झिजतं. आजीची खालची कवळी बोलता बोलता उचलली जाते, ती त्यामुळेच. गाल बसतात, हनुवटी नाकाजवळ येते. तोंडाचं बोळकं होतं ते हे. आपण त्याला म्हातारपण म्हणतो, पण नुसत्या वयाने दात पडत नाहीत.

बाईच्या वाट्याला जरा जास्तच

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, चटकन रक्त येतं. त्यावरूनच 'एका बाळंतपणाला एक दात' अशी समजूत पडली असावी. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. उलट्या, सारखं थोडं थोडं खाणं आणि 'आता दाताचं काही करायचं नाही' ही भीती, यांनी दात जातात. खरं तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घेणं, गरजेचे उपचार करणं सुरक्षित असतं. पाळी गेल्यावर शरीरातली हाडं विरळ होतात, त्यात जबडाही आलाच. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही.

एक सूचना. हाडं ठिसूळ झाली म्हणून तुम्ही आठवड्याची किंवा महिन्याची गोळी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत असाल, तर दात काढायच्या आधी दंतवैद्याला ते सांगा. यातल्या काही औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हे २००३ पासून माहीत झालेलं आहे. म्हणून औषध मनाने बंद मात्र करू नका.

आणि मशेरी! गावाकडून येणाऱ्या कितीतरी बायकांच्या तोंडात ती दिसते. बहुतेकींनी ती दात दुखतो म्हणून सुरू केलेली असते. तंबाखूने हिरडी बधिर होते, ठणका थांबल्यासारखा वाटतो, आजार आत वाढत राहतो आणि सवय मात्र जडते. कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच.

बावन्न वर्षांच्या एक काकू सुनेबरोबर आल्या होत्या. सोळाव्या वर्षापासून मशेरी, जोडीला मधुमेह. दोन वर्षं भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. हसताना पदर तोंडावर. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, सगळे काढून टाका. एकदाचा ताप जाऊ दे." एक्स-रे काढला. पाच दातांना हाडाचा आधार उरलाच नव्हता, ते काढावेच लागणार होते. पण बाकीचे वाचण्यासारखे होते. त्यांना म्हटलं, "पाच मी काढते. बाकीचे सांभाळायचं काम तुमचं."

साफ केलं की दात हलतात?

काकूंचाही हाच प्रश्न होता. उत्तर असं, की कीटणाने हलते दात एकमेकांना सिमेंटसारखे जखडलेले असतात. ते काढलं, सूज उतरली, की आधीच पडलेल्या फटी दिसायला लागतात. थंड पाणी काही दिवस झोंबतं. बाईला वाटतं, डॉक्टरने दात खिळखिळे केले. पण त्यांचा आधार कीटणानेच आधी खाल्लेला असतो.

काकूंची हिरडीखालची खोल सफाई चार बैठकांत केली. साखरेची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिली. मशेरी सुटायला मात्र चार महिने लागले, तेही दोनदा परत सुरू होऊन. सून रोज रात्री शेजारी उभी राहून ब्रश करून घ्यायची. दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा रक्त थांबलं होतं, फटी उथळ झाल्या होत्या, दोन दात चक्क घट्ट झाले होते. गेलेल्या पाच जागी काढता-घालता येणारे दात बसवले. परवा तपासणीला आल्या तेव्हा सून तक्रार करत होती, "आता ह्यांना शेंगदाण्याची चटणी रोज लागते!"

गेलेलं हाड परत येतं का?

आपलं आपण, जवळजवळ नाही. काही ठिकाणी हाडाची पूड भरून ते थोडंफार वाढवता येतं, सगळीकडे नाही. काकूंचंही आलेलं नाही. पण ते जिथे होतं तिथे थांबलं आहे, आणि एवढं थांबलं तरी उरलेल्या दातांवर पुढची कितीतरी वर्षं निघतात.

दात गेलेच असतील तर इम्प्लांटचा पर्याय आहे. टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पण त्यालाही पुरेसं हाड लागतं, हाडाशी जुळायला बहुधा तीन ते सहा महिने जातात, आणि सफाई ठेवली नाही तर त्याच्याभोवतीचंही हाड झिजतं. ते परवडत नसेल तर ब्रिज आहे, कवळी आहे. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत उपचार बरेच स्वस्त होतात. वेळ जास्त लागतो, एवढंच.

घरी करायचं ते फार नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. राखुंडी, मीठ, मशेरी बंद. दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश मिळतो, तो वापरा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवा. एरवी सहा महिन्यांनी तपासणी पुरते, पण ज्यांचं हाड एकदा झिजलं आहे त्यांनी तीन-चार महिन्यांनी यावं.

आज रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवलात की आरशासमोर उभ्या राहा. ओठ वर करा. हिरडी लाल, फुगीर दिसते का? थुंकीत रक्त आहे का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? पुढच्या दातांत नवी फट पडली आहे का? यातलं एकही उत्तर 'हो' असेल, तर या वेळी मुलाच्या, सासूबाईंच्या आधी स्वतःची वेळ घ्या.