जुन्या मोटारीस नवा रंग

कैलासवासी थोरल्या बंधूंनीं घेतलेली 'प्रीमियर पद्मिनी' आमच्या घरीं अद्याप आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही गाडी निघणें २००० सालाच्या सुमारास थांबलें. मागें मीं तिला एका कारागिराकडून अगदीं स्वस्तांत रंग देवविला. त्यानें गंजावरच लांबी भरली. पहिल्याच पावसाळ्यांत दारांच्या तळाशीं फोड उठले.

मुलें म्हणालीं, "आतां भंगारांत द्या." वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, परंतु त्यांचें मौन मला कळलें.

या खेपेस पैसा पूर्वतयारींत घातला. गंज खरवडून पत्रा उघडा केला, कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडविला. मग प्रायमर, त्यावर लांबी, घासकाम आणि सर्वांशेवटीं रंग.

काटकसर अन्यत्र साधली. बम्पर, दिवे व मुठी नातवांनीं घरींच उतरविल्या. रंग पूर्वींचाच ठेवल्यानें दारांच्या आंतील बाजू रंगवाव्या लागल्या नाहींत, नोंदणीपुस्तकांतही फेरबदल करावा लागला नाहीं. दमट हवेंत रंग पांढुरका पडूं शकतो, म्हणून काम हिवाळ्यांत केलें.

वाचकहो, झांकलेला गंज आंतून वाढतच राहतो. तेवढा काढण्यांत मात्र कुचराई करूं नये. गुढीपाडव्यास वहिनींनीं गाडीस हळदकुंकू वाहिलें, तेव्हां झालेला खर्च मला जड वाटला नाहीं.