करवत तिरकी का कापते?

जळगाव किंवा धुळे येथील एखाद्या लाकडाच्या वखारीजवळून जाताना विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीचा कर्कश आवाज तुम्ही ऐकला असेल. सागाची जाड फळी ती पाहता पाहता कापते. पण अशा यंत्राचा कापही कधी कधी तिरका येतो. मग चौकटीचे कोपरे जुळत नाहीत. हा दोष शोधायचा कसा?

थोडे गणित पाहू. काटकोनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर २० सें.मी. रुंदीच्या फळीवर सुमारे १.७ मि.मी. फरक पडतो. एवढा फरक नजरेला सहज कळत नाही. म्हणून चूक दुप्पट करून पाहायची!

समांतर कडांची जाडसर फळी आडवी कापतात. एक तुकडा तसाच ठेवून दुसरा, वरची बाजू खाली येईल असा, उलटा करतात. मग दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोके पुन्हा जुळवतात. काप काटकोनात असेल, तर टोके घट्ट बसतात. नसेल, तर पाचरीसारखी फट दिसते. तिचा कोन मूळ चुकीच्या दुप्पट असतो.

फट वरून दिसली, तर फळी ज्या आडव्या पट्टीला टेकवून पुढे ढकलतात, ती पात्याशी काटकोनात नाही. बाजूने दिसली, तर पाते टेबलावर काटकोनात उभे नाही.

आणखीही कारणे असतात. साध्या पोलादी करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असतात. एका बाजूचे दात बोथट झाले, की काप दुसऱ्या बाजूला सरकतो. कधी दोष लाकडाचाच असतो. खानदेशच्या कडक उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. फळीला बाक आला, की ती टेबलावर नीट बसत नाही.

ही तपासणी केवळ सुबकतेसाठी नसते. लांब काप घेताना बाजूची पट्टी पात्याला समांतर नसेल, तर फळी मध्ये चिमटते आणि पात्याचे दात ती जोराने कारागिराच्या अंगावर फेकतात. म्हणून पात्याची जुळणी वीज तोडूनच करायची असते. तुम्ही मात्र या यंत्राला हात लावू नका.

करून पाहा : कंपासपेटीतील गुण्या सरळ पट्टीला टेकवून उभी रेघ ओढा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर पडल्या, तर गुण्या खरा. फाकल्या, तर त्यांच्यामधील कोनाच्या निम्मी चूक तुमच्या गुण्यात आहे!