गिरडचे नारळ
उत्क्रांतीचे वाद : लेखांक ७

गिरडची टेकडी उतरताना दोन-चार गोटे खिशात न टाकणारा माणूस विरळाच. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे शेख फरीद बाबांचं ठाणं. गोटे गोल, काही अगदी सुपारी-जायफळासारखे. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, म्हणून त्यांच्या नारळांसकट साऱ्या मालाचे दगड झाले, असं लोक सांगतात. ते पाया पडले तेव्हा बाबांनी वाळक्या पाल्यातून नवा माल करून दिला. गोष्ट झकास आहे. गोटे मात्र झिओलाइट खनिजाचे. लाव्हा थिजताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्यातून उतरलेली खनिजं साचत गेली. ते कधीच नारळ नव्हते.

आता गेल्या अंकातल्या आरोपाकडे. उत्क्रांतीचा विचार पुराव्यातून आला नाही, ते देवाविरुद्धचं जुनं बंड आहे आणि डार्विनने त्याला फक्त विज्ञानाचा अंगरखा चढवला, असं निर्मितीवादी म्हणतात. अमेरिकन अभियंता हेन्री मॉरिसने १९८९च्या पुस्तकात या बंडाचं मूळ थेट बायबलमधल्या बाबेलपर्यंत नेलं.

तसं असेल तर आपल्याकडचे जीवाश्म गोळा करणारा माणूस कोण असायला हवा? पक्का नास्तिक. निघाला पाद्री! स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, १८४५ मध्ये नागपुरात आलेला. गिरडचा वर्धा जिल्हा तेव्हा नागपूरचाच भाग होता, वेगळा झाला १८६२ साली. शाळा, प्रवचनं सांभाळून हिस्लॉप आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर दगड फोडत हिंडायचे. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया, कीटकांचे अवशेष सापडले. एका उद्रेकानंतर तळं साचलं, त्यात जीव नांदले, मग पुढचा लाव्हा वरून आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही घडामोड. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या मांगलीच्या त्याहून कितीतरी जुन्या खडकातली उभयचराची कवटी लंडनला गेली, तिचं वर्णन रिचर्ड ओवेनने केलं. हाच ओवेन पुढे डार्विनवर तुटून पडला. आणि हे सगळं १८५९च्या आधीचं, डार्विनचा ग्रंथ छापूनही झाला नव्हता तेव्हाचं. पुरावा आधी जमला, तोही श्रद्धाळू हातांनी.

दगडांचा हा छंद त्याने शेवटपर्यंत सोडला नाही: ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, रात्री बोरीजवळच्या पुरात हिस्लॉप वाहून गेला.

दुसरा आक्षेप आपल्याच मुलखात उठला. जानेवारी २०१८, औरंगाबादचं वैदिक संमेलन. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून ते खोडलं. सिंह मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, तेव्हा साक्षीदार मागणं अंगवळणी पडलेलं असणार. पण साक्षीदार नसलेले गुन्हेही मुद्देमालावरून उलगडतातच की. आणि गंमत बघा, मालाचा दगड होताना पाहणारे गिरडच्या गोष्टीत आहेत, टाकळीच्या गोगलगायीला मात्र एकही नाही.

म्हणून दगड फोडून बघायचा. गिरडच्या गोट्यात खोबरं नाही, करवंटी नाही, नुसते स्फटिक. टाकळीच्या चकमकीच्या दगडात शंखाचा एकेक वेढा अजून मोजता येतो.