जुनी फिएट पारखताना

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरून गोव्याकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, त्या पळस्पे परिसरात आणि एकूणच कोकणपट्टीत जुनी मोटार पारखताना इंजिनाआधी पत्रा पाहावा, कारण दमट हवेत लोखंडाचा पाणी व प्राणवायूशी संयोग होऊन गंज चढतो आणि हवेतील क्षार ही विद्युत-रासायनिक क्रिया अधिक वेगाने घडवतात. फिएट म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीला स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याचे कवचच सारा भार पेलते, ज्या रचनेला मोनोकॉक म्हणतात, आणि म्हणून दरवाज्यांखालचा किंवा तळाचा पत्रा कुजला असल्यास तो केवळ दिसण्यातला दोष राहत नाही. चकचकीत रंगावर भाळण्यापेक्षा मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे रंगाखाली बहुधा लांबीचा जाड थर असतो. १०८९ सीसीचे इंजिन मात्र साध्या बांधणीचे असून ते थंड असतानाच सुरू करून पाहावे, आणि निळसर धूर येत राहिल्यास झिजलेल्या पिस्टन रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हवाटे ऑइल जळत आहे असे समजावे. हे सारे दुरुस्त होते, पैसे लागतात इतकेच. नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळत नसतील, तर मात्र सौदा सोडून द्यावा.