सराव-आज्ञावलींची मांडणी
सराव-आज्ञावलींची मांडणी : संगणकाची भाषा शिकताना लिहिलेल्या अनेक लहान व परस्परांपासून स्वतंत्र अशा आज्ञावली एकाच विकसन परिसरात जतन करण्याची आणि हवी ती स्वतंत्रपणे चालविण्याची पद्धती. मजकुराचे संपादन, संकलन, जोडणी व दोषशोधन यांची साधने ज्या प्रणालीत एकत्र असतात, तीस विकसन परिसर म्हणतात. बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कल (१९८३) या प्रणालीमुळे असा परिसर वैयक्तिक संगणकांवर लोकप्रिय झाला.

सी व सी++ या भाषांत आज्ञावलीचा आरंभ ‘मेन’ या फलनापासून होतो आणि एका आज्ञावलीत ते एकच असावे लागते. विकसन परिसर मात्र सामान्यतः प्रकल्पातील सर्व फायली संकलित करून एकत्र जोडतो. त्यामुळे नवशिक्याने दुसरा सराव त्याच प्रकल्पातील नव्या फाइलीत लिहिला, तर ‘मेन’ दोनदा आढळून जोडणीच्या टप्प्यावर दोष दाखविला जातो. वस्तुतः दोन्ही आज्ञावली बिनचूक असू शकतात. जुना मजकूर पुसून नवा लिहिल्यास हा दोष टळतो, परंतु आधीचे काम नष्ट होते व चुकांची तुलना करता येत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओमध्ये २००२ पासून ‘सोल्यूशन’ या आवरणाखाली अनेक प्रकल्प ठेवता येतात. त्यांपैकी आरंभ-प्रकल्प म्हणून निवडलेला प्रकल्प चालतो. प्रत्येक प्रकल्पाची मांडणी वेगळी ठेवावी लागत असल्याने शेकडो सरावांस ही पद्धती अवजड ठरते. सीमेक या साधनात एकाच वर्णन-फाइलीत प्रत्येक सरावासाठी एक ओळ लिहून स्वतंत्र आज्ञावली तयार करता येते. जावा भाषेत प्रत्येक वर्गास स्वतःचे ‘मेन’ असू शकते, म्हणून एक प्रकल्प पुरतो. पायथॉनची प्रत्येक फाइल थेट चालविता येत असल्याने ही अडचण उद्‌भवतच नाही.

फायली प्रकरणवार पुटांत विभागून त्यांना ०१, ०२ असे क्रमांक देतात; अन्यथा अक्षरक्रमात १० हा क्रमांक २ च्या आधी येतो. अनेक सरावांत लागणारी फलने नकलून न घेता स्वतंत्र फाइलीत ठेवणे श्रेयस्कर असते. कारण एका नकलेत दुरुस्त केलेली चूक इतर नकलांत तशीच राहते.